झेंड्याला बोलवतात, हळदीकुंकवाला नाही

२०२५ च्या २६ जानेवारीला सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेनं मला ध्वजवंदनासाठी पाहुणी म्हणून बोलावलं होतं. गावाचं नाव देत नाही. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही गावाचं नाव तिथं घालून वाचलंत तरी चालेल.

शारीरिक शिक्षणाच्या सरांनी आधीचा आठवडाभर मुलांकडून ध्वजसंहिता घोटून घेतली होती. मुलं धडाधड सांगत होती. केशरी पट्टा वर. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. चक्राला २४ आरे. झेंडा जमिनीला टेकता कामा नये. चढवायचा तो झटकन, उतरवायचा तो सावकाश, मानानं. फाटका, चुरगळलेला झेंडा लावायचा नाही. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवतात आणि २६ जानेवारीला वरच बांधलेला असतो, दोरी ओढून उलगडतात, हा फरकसुद्धा सातवीच्या पोरांना ठाऊक होता. मला कौतुक वाटलं. (दोरीच्या गाठीचा सराव फक्त मुलग्यांनी केला होता आणि मुलींकडे रांगोळी नि स्वागताचं ताट होतं, हेही दिसलं. पण आज तो विषय नाही.)

मंचावर सरपंचबाई, मुख्याध्यापक, मी आणि कडेच्या खुर्चीवर गावातल्या एक वीरपत्नी. त्यांना मी इथं ताई म्हणते. सहावीतल्या दोन मुली ताट घेऊन आल्या. सरपंचबाईंना कुंकू लावलं, मुख्याध्यापकांना गंध, मला कुंकू. ताईंच्या खुर्चीपाशी ती पोर थबकली. तिनं बाईंकडे बघितलं, बाईंनी डोळ्यांनीच ‘पुढे चल’ म्हटलं आणि ताट पुढे गेलं. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मग शाल, श्रीफळ, टाळ्या आणि ‘वीरजवान अमर रहे’.

आणि मी काय केलं? कुंकू लावून घेतलं आणि गप्प बसले. एम.एस.डब्ल्यू.ला असताना विधवांच्या सामाजिक बहिष्कारावर पानंच्या पानं लिहिली होती मी.

त्याच दुपारी शाळेत शिक्षिका आणि माता-पालकांचं हळदीकुंकू होतं. जिलेबीचा पुडा हातात घेऊन फाटकातून बाहेर पडताना मी ताईंना विचारलं, “दुपारी याल ना?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मला झेंड्याला बोलवत्यात. हळदीकुंकवाला कोण बोलवतंय?”

ताईंचा नवरा काश्मीरमध्ये गेला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या, पदरात दीड वर्षाची मुलगी. पेटी दारात आली तो दिवस त्यांनी मला नंतर सांगितला. ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे की सैनिकाच्या पार्थिवावर झेंडा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे असावा आणि तो झेंडा चितेवर जळता कामा नये किंवा थडग्यात पुरता कामा नये. त्याप्रमाणे जवानांनी झेंडा हळूच काढला, घडी घातली आणि ताईंच्या हातात दिला. त्याआधी तासाभरापूर्वीच आतल्या खोलीत त्याच हातांतल्या बांगड्या फोडल्या होत्या, कपाळ पुसलं होतं. ताई म्हणाल्या, “कापडाची घडी किती जपून घातली वो त्यांनी. माझ्या मनगटातनं रगत येत होतं.”

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यापासून मला ध्वजसंहितेचा तास पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. इथल्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. मागं राहिलेल्या बायका किती, त्या कशा जगल्या, हे मला कुठल्या दगडावर कोरलेलं दिसलं नाही. आपल्याकडं बाईचा सन्मान होतो तो ‘कुणाची तरी’ म्हणून. वीरमाता, वीरपत्नी. तो होऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण मंचावरचा तो मान तिला घराच्या उंबऱ्याआत पुरत नाही.

पैशाचंच बघा. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेनं पुनर्विवाह केला तर बंद होत असे. दिराशी केला तर मात्र चालू राही! बाईनं लग्न करायचं तर घरातल्या घरात, म्हणजे पैसाही घरात आणि बाईही घरात. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली गेली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. ताईंच्या नवऱ्याला पदक नव्हतं, त्यामुळे त्या अटीशी त्यांचा संबंध आला नाही. पण सासरी पहिलं वर्ष सरायच्या आत जी बोलणी सुरू झाली ती याच भाषेत. “धाकट्याशी लावून टाकू, पेन्शन भाईर कशाला जायला पायजे?” ताईंनी नकार दिला आणि त्यासाठी त्यांना तीन वर्षं माहेरी काढावी लागली.

जिनं वेगळं काही ठरवलं तिचं काय होतं, हे २०२४ मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. राष्ट्रपती भवनात नवऱ्याचं शौर्यपदक स्वीकारणाऱ्या एका तरुण पत्नीबद्दल समाजमाध्यमांवर इतकं घाणेरडं लिहिलं गेलं की राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांकडे जावं लागलं. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी १५ ऑगस्टला आपल्या फोनवर तिरंगा लावला असेल, कोण जाणे.

आणि जिचा नवरा चकमकीत न जाता कामावर असताना अपघातानं गेला, आजारानं गेला, किंवा ज्यानं छावणीतच जीव दिला, तिला तर मंचाच्या कडेची खुर्चीही मिळत नाही.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, स्त्री चळवळीच्या अंकात झेंडा कशाला? राष्ट्र, लष्कर, युद्ध या गोष्टींकडे आपण नेहमीच जरा सावधपणे पाहिलं आहे आणि ते योग्यच आहे. पण हा झेंडा परका समजून मी सोडून द्यायला तयार नाही. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं तो स्वीकारला आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या बैठकीत भारतीय स्त्रियांच्या वतीनं हंसाबेन मेहतांनी तो सभेला अर्पण केला. त्याच हंसाबेन, ज्यांनी पुढं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ असा बदल व्हावा म्हणून आग्रह धरला. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १९०७ मध्ये, जर्मनीतल्या स्टुटगार्टला मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला होता. आजही हुबळीजवळच्या बेंगेरीच्या खादी केंद्रात झेंडे शिवणारे हात बहुतेक बायकांचेच आहेत. माप चुकलं, शिवण तिरकी गेली, तर झेंडा बाद होतो. यातलं काहीच त्या शाळेतल्या मुलांना माहीत नव्हतं. चोवीस आरे पाठ होते.

म्हणून मी मुख्याध्यापकांना सुचवलं की यंदा १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी ध्वजसंहितेचा तास ताईंना घेऊ द्या. सर माणूस म्हणून भले, पण बिचकले. “त्यांना जमेल का? रडल्या बिडल्या तर?” मी म्हटलं, रडल्या तर मुलं बघतील. अखेर हो म्हणाले.

ताई सातवीच्या वर्गात खुर्चीवर न बसता फळ्यापाशी उभ्या राहिल्या. झेंडा आणला नव्हता. तो घरी ट्रंकेत, धुतलेल्या पंचात गुंडाळून ठेवलेला आहे आणि दर पावसाळ्यानंतर त्या तो वाऱ्याला काढतात, उन्हात नाही, रंग उडतो म्हणून. मुलांना त्यांनी हेच सांगितलं. घडी कशी घालतात ते एका ओढणीवर करून दाखवलं. कागदी झेंडे पायाखाली का येऊ द्यायचे नाहीत ते सांगितलं. एका मुलानं विचारलं, “तुम्ही झेंडा घेतला तेव्हा सॅल्यूट केला का?” ताई म्हणाल्या, “नाही रे. मला पोरीला दूध पाजायचं होतं.” वर्गात कुणी हसलं नाही.

मग ताट धरणाऱ्या त्याच मुलीनं, ती आता सातवीत गेली होती, उभं राहून विचारलं, “ताई, मी तुम्हाला कुंकू लावलं नाही त्याचा राग आला का?” वर्गशिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. ताई म्हणाल्या, “तुझा नाही आला.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी ताट घेऊन ताईंपुढं थांबली आणि बाईंकडे न बघता तिनं बोट कुंकवात बुडवलं. ताईंनी मान मागं घेतली आणि तळहात पुढं केला. “हातावर लाव.” समोर गर्दीत सासूबाई बसलेल्या होत्या. मला आधी वाईट वाटलं. नंतर वाटलं, किती आणि कुठं लावून घ्यायचं हे त्यांनीच ठरवलं, मी कोण घाई करणारी?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. आपल्या अनेक गटांनी हे ठराव करून घेतले आहेत. पण ठरावाची फाईल ग्रामपंचायतीत राहते आणि मुलं मोठी होतात शाळेत. तेव्हा ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला, मुलं निधीसाठी छोटे झेंडे वाटतात तेव्हा, आपापल्या गावच्या शाळेत जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून गावातल्या सगळ्या सैनिक-विधवांची चौकशी करा, फक्त ‘वीरपत्नी’ म्हणून नोंद असलेल्यांची नको. त्यांना शाल द्यायच्या आधी विचारा की वर्गात काय सांगायला आवडेल. काय घडलं ते आम्हाला लिहा, फसलं असलं तरी लिहा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.

येत्या संक्रांतीला त्या शाळेत पुन्हा हळदीकुंकू आहे. यादीत ताईंचं नाव घाला, असं मी सुचवलं आहे. शिक्षिकांची बैठक दोनदा झाली. अजून कुणी हो म्हणालेलं नाही, नाहीही म्हणालेलं नाही.