डोळे पडद्यावर, लक्ष गावाला

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. एनडीआरएफच्या बोटी आणि नौदल-हवाई दलाच्या मदतीने हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. तेव्हापासून आमच्या शिरगावात पाऊस दोन दिवस लागून राहिला की कुणीतरी म्हणतोच, "आता काय, ड्रोन आहेत!"

ड्रोन आहेत, हे खरे. पण आख्खी रेल्वेगाडी कुणालाही दिसते. गढूळ पाण्यात बाभळीची फांदी धरून बसलेला एक माणूस दिसायला पडद्यासमोरचा माणूस जागा लागतो. तो जागा कसा ठेवायचा, या प्रश्नावर आपल्याकडे चार उत्तरे हमखास मिळतात. चारही अपुरी आहेत.

पहिले उत्तर मनोनिग्रहाचे. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, तसे पोरांना ध्यानधारणा शिकवा. पण अर्जुनाचा पक्षी समोर होता, आणि तो आहे हे त्याला ठाऊक होते. ड्रोनवाल्याला तासन् तास असे पाणी न्याहाळायचे असते, ज्यात कदाचित कुणीच नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणारे ब्रिटिश रडारवाले काही वेळाने चुकू लागत. त्याचा छडा लावण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने एक घड्याळ केले. काटा दर सेकंदाला एक उडी मारी, क्वचित दुप्पट. ती दुप्पट उडी ओळखायची, दोन तास. १९४८ साली छापलेला निष्कर्ष असा की घसरण पहिल्या अर्ध्या तासातच येते. ही माणसे आळशी नव्हती. रिकाम्या पडद्यापुढे मन असेच वागते.

दुसरे उत्तर : बॅटरीच पंचवीस-तीस मिनिटे टिकते, कंटाळायला वेळ कुठे? मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२० मध्ये देखरेखीसाठी घेतलेल्या 'निन्जा' ड्रोनची झेपही पंचवीस मिनिटांचीच. पण पुरात शोध बॅटरीबरोबर संपत नाही. बॅटरी बदलली की ड्रोन पुन्हा वर जातो, डोळे तेच राहतात. बॅटरी चार्ज होते. माणसाला कोण चार्ज करतो?

तिसरे : गेम खेळणारी पोरे घ्या, त्यांची बोटे तयार असतात. बोटे असतील. पण गेम दर क्षणाला काहीतरी पुढ्यात टाकतो. पूर काहीच टाकत नाही. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू असेल तर माणसे सुमारे ७ टक्के वेळा चुकतात. ती शंभरात एकदाच असेल तर ३० टक्के वेळा. जे क्वचित सापडते, ते समोर असूनही सुटते. आणि पुरात वाहणारा माणूस क्वचितच सापडणार.

चौथे उत्तर एआयचे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. यंत्र थकत नाही, संशयाच्या जागी चौकट काढून दाखवते. ते जरूर वापरावे. पण मग माणसाचे काम उरते यंत्रावर नजर ठेवण्याचे, म्हणजे आणखी कंटाळवाणे. शिवाय दहा वेळा ओंडक्याला माणूस म्हटल्यावर अकराव्या चौकटीकडे कोण बघतो? लांडगा आला रे आला, तशी गत.

मग करायचे काय? लक्ष ढळणार, हे धरूनच शिक्षण द्यायचे.

याचा पहिला धडा आपल्याच रुळांवर आहे. लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात सिग्नल दिसला की लोको पायलट आणि त्याचा सहायक दोघेही तो मोठ्याने बोलतात, हात वर करून दाखवतात. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. जपानी रेल्वेत हीच रीत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत बोट दाखवून बोलल्याने शंभर कृतींमागच्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपला रात्रीचा गस्तवालाही 'होशियार' म्हणून आरोळी देई ती काही फक्त चोरासाठी नव्हे. स्वतःची झोप उडवायलाही. ड्रोनवाल्यालाही बोलायला लावा : "डावा काठ, पूल ते वळण, कुणी नाही."

दुसरा धडा विमानतळाचा. सामान तपासणाऱ्याच्या एक्स-रे पडद्यावर मधूनच शस्त्राचे खोटे चित्र सोडतात, म्हणजे 'काही सापडतच नाही' ही सवय जडत नाही. सरावात ओढ्याकाठी चिखलाच्या रंगाचे बुजगावणे दडवा. कधी दोन, कधी एकही नाही. तिसरी गोष्ट पाळीची : एकाने उडवायचे, दुसऱ्याने बघायचे, आणि अर्ध्या तासाच्या आत अदलाबदल. "माझे लक्ष गेले होते, तो पट्टा पुन्हा बघू," असे म्हणणाऱ्याला शिक्षा नको, शाबासकी हवी.

या शिक्षणाला वेळ किती लागेल? महिला बचतगटांना शेतीसाठी ड्रोन देणाऱ्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत पंधरा दिवसांचे प्रशिक्षण असते. त्यातले पाच उडवण्याचे, दहा शेतीच्या कामाचे. रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळाले की दहा वर्षे चालते. दहा वर्षांच्या प्रमाणपत्रात लक्षासाठी दोन दिवस जास्त मागणे, हा काही हट्ट नव्हे.

तेव्हा आमच्याकडे पुरासाठी ड्रोन घेणाऱ्यांना एकच विनंती. पावसाळ्याआधी खरेदीच्या कागदावर ड्रोनची किंमत लिहाल, जादा बॅटऱ्या लिहाल. त्याच कागदावर दुसऱ्या माणसाचा पगारही लिहा.