आरोग्यविवेक : पच्चक्खाणापूर्वी औषधाची पट्टी



चातुर्मास सुरू झाला की आमच्या बल्लारपूरच्या औषधाच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके वाढतात. एक पावसाळी तापाची आणि दुसरी ‘अठाई करायची आहे, ह्या गोळ्यांचे काय करू?’ असे विचारणारी. दुसऱ्या प्रकारची मंडळी कितीही वाढली तरी मला आनंदच आहे. काळजी वाटते ती न विचारणाऱ्यांची. अशा एका न विचारण्याची हकीकत आज सांगतो. ती माझ्याच घरातली आहे आणि तिच्यातील दोषाचा एक वाटा माझाही आहे.

माझे काकाजी चौसष्ट वर्षांचे. अनेक वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून त्यांच्या डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून त्यांना फिट येऊ लागल्या. औषधांनी त्या आटोक्यात होत्या. पुढे बरगडीवर नागीण उठली. पुरळ महिन्याभरात गेले, पण जळजळ गेली नाही. सदऱ्याचा स्पर्शही सहन होईना. तेव्हा नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आधीच्या गोळीला जोड म्हणून ‘गॅबापेंटिन’ हे औषध सुरू केले. हे औषध नसांच्या दुखण्यावर आणि फिटवर, अशा दोन्हींवर चालते. ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून तीन वेळा. काकाजींना झोप लागू लागली, दुकानाची गादीही पुन्हा सांभाळू लागले.

त्या वर्षी पर्युषणाच्या तोंडावर घरातल्या एका मुलाने त्यांना सांगितले की कॅप्सूलचे वरचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. काकाजी त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अठाईचे पच्चक्खाण घेतले आणि कॅप्सूलची पट्टी कपाटात ठेवून दिली. कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात प्रवचन चालू असताना ते बसल्या जागी एका कुशीवर कलंडले आणि त्यांचे हातपाय झटके देऊ लागले.

पुढची काही मिनिटे मी विसरू शकत नाही. कुणी तोंडात चमचा घालू पाहत होते, कुणी चप्पल हुंगवायला धावले. ज्या घरांत कांदा उंबरठा ओलांडत नाही, त्याच घरांतले कुणीतरी शेजारून कांदा फोडून घेऊन आले. शेवटी गाडी काढून त्यांना चंद्रपूरच्या एका रुग्णालयात नेले. रक्तातील साखर तपासली, ती ठीक होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कोणते औषध अचानक बंद केले?” काकीजींनी कपाटातून आणलेली पट्टी पुढे केली.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. काकाजींचे औषध दर महिन्याला माझ्याच दुकानातून जाई आणि माझ्या वहीत त्याची नोंद असे. त्या महिन्यात ठरलेल्या तारखेला नोंद पडली नव्हती. उधारीचा हप्ता चुकला असता तर मी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला असता. औषधाचा हप्ता चुकला, तर मी विचारलेही नाही.

आता ह्या औषधाविषयी थोडे समजून घेऊ. गॅबापेंटिनला अमेरिकेत फिटच्या जोड-उपचारासाठी १९९३ साली आणि नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी २००२ साली मान्यता मिळाली. त्याचेच धाकटे भावंड म्हणजे ‘प्रिगॅबालिन’. मधुमेहामुळे होणाऱ्या तळपायांच्या आगीसाठी ते पुष्कळ दिले जाते. दुखावलेली नस विनाकारण संदेश पाठवत राहते, जणू आग नसतानाही घंटा वाजत असते. ही औषधे नसपेशींवरील कॅल्शियमच्या वाटेला चिकटून तो अतिरेकी संदेश मंदावतात. म्हणूनच ती साध्या वेदनाशामकासारखी नाहीत. ‘आज दुखले, आज घेतली’ असे त्यांचे चालत नाही. मात्रा हळूहळू वाढवायची असते, गुण यायला दिवस लागतात आणि बंद करतानाही पायरीपायरीने उतरावे लागते.

हे उतरणे का महत्त्वाचे? गॅबापेंटिनचे रक्तातील प्रमाण साधारण ५ ते ७ तासांत निम्मे होते. म्हणजे दीड दिवसात ते शरीरातून जवळजवळ निघून गेलेले असते. त्याच्या आधाराने शांत राहिलेला मेंदू एकाएकी उघडा पडतो. फिटच्या रुग्णाला अशा वेळी झटका येऊ शकतो, कधी एकामागून एक न थांबणारे झटकेही. केवळ वेदनेसाठी औषध घेणाऱ्यालाही घाम, अस्वस्थता, मळमळ, निद्रानाश आणि उसळलेली वेदना भोगावी लागते. म्हणून बंद करायचेच असेल तर निदान आठवडाभरात, आणि पुष्कळदा त्याहूनही सावकाश, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा उतरवावी.

आपल्या घरांत ह्या औषधाबाबत चार प्रश्न नेहमी उभे राहतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला प्रश्न कवचाचा. काकाजींची शंका खोटी नव्हती. बहुतेक कठीण कॅप्सूलची कवचे जिलेटिनचीच असतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो, तसा ठिपका औषधावर सापडेलच असे नाही. पण उपाय आहेत. वनस्पतिजन्य सेल्युलोजची कवचेही बनतात आणि गॅबापेंटिन गोळीच्या स्वरूपातही मिळते. ही अडचण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत निःसंकोच सांगावी, म्हणजे ते चिठ्ठीवरच गोळी लिहितील. गोळीतील इतर घटकांविषयी शंका असेल तर औषधविक्रेत्यामार्फत कंपनीला विचारता येते. मात्र स्वतःहून कॅप्सूल फोडून आतली पूड घेऊ नये. काही कॅप्सूल औषध हळूहळू सोडण्यासाठीच घडवलेल्या असतात. आणि पर्याय हाती येईपर्यंत चालू औषध थांबवू नये.

दुसरा प्रश्न चोविहाराचा. दिवसातून तीन वेळा गॅबापेंटिन घेणाऱ्या फिटच्या रुग्णाने दोन मात्रांमध्ये १२ तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये, असा नियम आहे. आता आपल्या गावचा हिशेब मांडून पाहा. पर्युषणाच्या सुमारास बल्लारपुरात सूर्यास्त साधारण साडेसहाच्या आत-बाहेर होतो आणि सूर्योदय सहाच्या सुमारास. त्यात नवकारशीची ४८ मिनिटे मिळवली की सूर्यास्तापूर्वीच्या मात्रेपासून सकाळच्या मात्रेपर्यंत सव्वाबारा तास होतात. पौषात हेच अंतर चौदा तासांच्या घरात जाते. म्हणजे जो नियम भाद्रपदात काठावर येतो, तो हिवाळ्यात स्पष्टच मोडतो. हा हिशेब कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावा. मात्रांच्या वेळा बदलणे, किंवा दिवसातून एकदा-दोनदाच घ्यावे लागणारे दुसरे औषध निवडणे, हे त्यांच्या हाती असते. आपल्या हाती फक्त वेळेवर सांगणे असते.

तिसरा प्रश्न उपवासाचा आणि पाण्याचा. गॅबापेंटिनचे यकृतात काही होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंदावले तर औषध अंगात साठते आणि गुंगी, तोल जाणे, बोलण्यात जडपणा, गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. वयस्क माणसाने पाण्यावाचून उपवास केला, किंवा आपल्याकडच्या वैशाखात, पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना, पाणी कमी प्यायले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून साठीनंतर हे औषध चालू असेल तर रक्तातील ‘क्रिएटिनिन’ची तपासणी डॉक्टर सांगतील तशी करत राहावी. कोणतीही मोठी तपश्चर्या ठरवण्यापूर्वी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. आदल्या संध्याकाळी भेटून उपयोग नाही.

चौथा प्रश्न इतर औषधांच्या संगतीचा. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके आणि खोकल्याची गुंगी आणणारी सिरपे ह्या औषधाबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. दमेकरी व जुन्या श्वासविकाराच्या रुग्णांना हा धोका अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये तसा खास इशारा दिला आहे. कोळसा आणि धुरळा ज्यांच्या रोजच्या वाट्याला आहे, अशा आपल्या भागात हे विसरून चालणार नाही. ॲसिडिटीसाठी आपण जे पांढरे पातळ औषध सहज पितो, त्यातील ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे गॅबापेंटिन कमी शोषले जाते. त्या दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. पहिले काही दिवस आणि मात्रा वाढवल्यावर गाडी चालवू नये, दुकानातील शिडीवर चढू नये. फिटच्या रुग्णाने तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वाहन हाती घेऊच नये. पायांवर सूज, झपाट्याने वाढणारे वजन, किंवा मन खिन्न होऊन जीव नकोसा वाटणे, ह्यांतले काहीही दिसल्यास त्वरित कळवावे. मात्रा चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. ‘शेजाऱ्यांच्या पायांची आग ह्या गोळीने थांबली, मलाही द्या’ असे म्हणत येणारे पुष्कळ असतात. मी देत नाही, आणि ते रागावतात. मुंग्या आणि बधिरता ह्या नुसत्या तक्रारी आहेत, त्यांच्यामागे निरनिराळे रोग असू शकतात. आपण शाकाहारी, त्यामुळे जीवनसत्त्व ‘बी-१२’ची कमतरता आपल्या घरांत सहज आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. अशा माणसाला गॅबापेंटिन दिले तर आग शमेल, पण नस आतून झिजतच राहील. शिवाय आपला जिल्हा नसांचा आणखी एक रोग ओळखतो. वरोऱ्याच्या आनंदवनाला जन्म देणारी महारोगी सेवा समिती बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापली, ती ह्याच रोगाने समाजाबाहेर टाकलेल्यांसाठी. कुष्ठरोगाचे जंतू नसांवरच घाला घालतात. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून अंगावर बधिर चट्टा असेल तर आधी तपासणी, मग वेदनेची गोळी.

फिट आलीच तर काय करावे, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात. तोंडात काहीही घालू नये, पाणीही नाही. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल ह्यांचा काही उपयोग नाही. घड्याळ पाहावे, झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला, किंवा शुद्ध परत आली नाही, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. प्रवासात, मग तो नागपूरचा असो की भद्रावतीच्या दर्शनाचा, औषधाची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असावी, सामानाच्या पेटीत नव्हे.

राहिला प्रश्न धर्माचा. तो सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण काकाजी घरी परतल्यावर त्यांनी गुरुमहाराजांकडे खंत व्यक्त केली, तेव्हा महाराजांनी त्यांना पच्चक्खाणाच्या पाठातीलच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ ह्या शब्दाची आठवण दिली. व्रत घेतानाच पूर्वाचार्यांनी आगार ठेवले आहेत. देह व्याधीने विकल होऊन समाधी ढळू लागली, तर औषधासाठी वाट मोकळी आहे. मग महाराज म्हणाले, “तुम्ही रोज हा पाठ ऐकता. अर्थ एकदाही विचारला नाहीत?” काकाजी काही बोलले नाहीत. मला वाटले, तो प्रश्न मलाही होता.

आता काकाजी कॅप्सूलऐवजी गोळी घेतात. वेळा डॉक्टरांनी बदलून दिल्या आहेत. गेल्या पर्युषणात त्यांनी अठाई केली नाही. डॉक्टर आणि गुरुमहाराज दोघांना विचारून दिवसा बियासणे केले आणि उरलेला वेळ सामायिक-स्वाध्यायात घालवला. मी विचारले, “काकाजी, मनाला रुखरुख नाही ना वाटत?” ते म्हणाले, “वाटते रे. पण त्या दिवशी तुझ्या काकीचा चेहरा पाहिला होता. तिला दिलेल्या त्या भीतीचे प्रतिक्रमण कोणत्या उपवासाने होणार होते?”

आणि मी? माझ्या वहीत आता येण्याच्या रकमांप्रमाणेच फिट, हृदय आणि मधुमेह ह्यांच्या औषधांच्या तारखांना खूण असते. तारीख उलटून दोन दिवस झाले की मी फोन करतो. काही मंडळी म्हणतात, धंद्यासाठी करतो. म्हणोत. वाचकहो, आपल्याही घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाटात एखादी अर्धवट राहिलेली पट्टी असेल. ह्या पर्युषणाचे पच्चक्खाण घेण्याआधी ती एकदा उघडून पाहा, आणि ती अर्धवट का राहिली ते प्रेमाने विचारा.

मिच्छामि दुक्कडम्.