गॅसच्या विहिरीतून खारं पाणी येतंय, पण कुठून?

टेक्सासमधल्या आझल गावाजवळ २०१३च्या अखेरीस भूकंपाचे धक्के बसू लागले. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या २०१५मधल्या अभ्यासाने दोन गोष्टींकडे बोट दाखवलं: गॅसच्या विहिरींतून उपसलेलं खारं पाणी आणि जवळच जमिनीत परत ढकललेलं सांडपाणी.

हे पाणी येतं कुठून?

इथला गॅस बार्नेट शेल या खडकात आहे. आडवी विहीर खोदायची, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला भेगा पाडायच्या, म्हणजे फ्रॅकिंग. त्यातलं थोडं पाणी परत येणारच. पण खाली एलेनबर्गर हा खाऱ्या पाण्याने भरलेला खडक आहे. पूर्वेकडे मधला व्हायोला चुनखडक भेगांना अडवतो. पश्चिमेला तो नाहीच.

नुसत्या खारटपणावरून निदान करणं फसवं, कारण फ्रॅकिंगचं पाणीही परत येताना दिवसेंदिवस खारट होतं. म्हणून गॅसमागे पाणी किती, हे पाहतात. प्रमाण घटत गेलं तर ते बहुधा फ्रॅकिंगचंच. वाढत राहिलं तर संशय एलेनबर्गरवर. मग विहिरीत उपकरण सोडून नेमकी जागा शोधायची. तेही सोपं नाही: आडव्या पाइपात पाणी तळाशी, गॅस वर. मधोमध असलेला एकच सेन्सर सहज चकतो.