आधीं माप, मग डाख

मोटारींत गाणें चालूं असतां तें एकाएकीं थांबलें आणि ॲम्प्लिफायरच्या डब्यावरचा तांबडा दिवा लागला, कीं बहुतेक घरांत एकच निकाल ऐकूं येतो: “डबा जळला; आतां नवा आणावा लागणार.” हा निकाल पुष्कळदां पुराव्यावांचून दिलेला असतो. बिघडलेलें यंत्र मोजून पाहिल्यावांचून तें मेलें असें म्हणूं नये, आणि तें मोजण्याचें काम घरांतील शाळकरी मुलास करूं द्यावें, असें माझें स्पष्ट मत आहे. सर्वच पालकांस तें रुचेल असें नाहीं.

दारव्ह्याहून दिग्रसकडे उतारू नेणाऱ्या एका जीपच्या मालकावर गेल्या उन्हाळ्यांत हाच प्रसंग आला. गाडींत गाणें नसेल तर तरुण उतारू दुसऱ्या गाडींत जाऊन बसतात, अशी त्याची तक्रार. ती कितपत खरी कोण जाणे. पण त्याच्या दृष्टीनें प्रश्न मिळकतीचा होता. आवाज लहान असेतों सारें ठीक चाले. आवाज वाढविला कीं तांबडा दिवा लागे व सर्व शांत होई. एका दुकानांत दाखविल्यावर “आंतील बोर्ड गेला” असें उत्तर मिळालें. नव्या डब्यासाठीं त्यानें जी रक्कम काढली, ती मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठीं बाजूस ठेवलेली होती. त्याचा भाचा नववींत शिकतो. तो म्हणाला, “मामा, पैसे देण्याआधीं मला एकदां मोजूं द्या.” मामांनीं नाखुषीनेंच होकार दिला.

मुलानें डबा उघडलाच नाहीं, आणि येथेंच त्याचें शहाणपण दिसलें. ॲम्प्लिफायरला वीज पोंचविणाऱ्या तारा तीन: बॅटरीकडून येणारी जाड तांबडी, गाडीच्या पत्र्यास जोडलेली तितकीच जाड काळी, जिला मिस्त्री लोक ‘बॉडी अर्थ’ म्हणतात, आणि रेडिओ सुरू होतांच डब्यास जागें करणारी बारीक ‘रिमोट’ तार. आवाज बंद असतां डब्याच्या टोकांवर मल्टीमीटरनें १२.४ व्होल्ट दाखविले. दुसरा कोणी असता तर ‘वीज नीट येते’ असें म्हणून पुढें गेला असता. मुलानें मामांस आवाज वाढविण्यास सांगितलें व आंकड्यावर दृष्टि ठेवली. आंकडा ९ च्या आसपास घसरला. बॅटरीच्या टोकांवर मात्र त्याच वेळीं १२ हून अधिक व्होल्ट होते. म्हणजे तीन व्होल्ट वाटेंत कोठें तरी नाहींसे होत होते. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरें डब्याच्या काळ्या तारेस लावतांच ते सांपडले. काळ्या तारेचा बोल्ट रंग न काढलेल्या, आणि खालून गंजलेल्या पत्र्यावर आवळलेला होता.

एवढ्याशा गंजानें काय होणार, असें वाटेल. शाळेंत पाठ केलेला ओहमचा नियम येथें उपयोगीं पडतो. सांध्याचा विरोध एका ओहमचा अवघा दहावा भाग धरा, आणि प्रवाह ३० अँपिअर; गुणाकार तीन व्होल्ट. प्रवाह अर्धा अँपिअर असेल तर तोच सांधा एका व्होल्टाचा विसावा भागच खातो. म्हणून आवाज बंद असतां दोष दिसत नाहीं. पुरवठा फार खालीं गेला म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतःस वांचविण्यासाठीं काम थांबवितो. तांबडा दिवा ‘मी मेलों’ असें सांगत नव्हता. ‘मी उपाशी आहें’ असें सांगत होता. सँडपेपरानें पत्रा उजळ होईपर्यंत घासला, बोल्ट पुन्हां आवळला, आणि काम झालें.

प्रत्येक वेळीं दोष बाहेरच सांपडेल असें अर्थात् नाहीं. दिवा सतत तांबडा राहत असेल तर स्पीकरच्या तारा एकेक सोडवून पाहाव्या. त्या सोडवितांच दिवा निवळला, तर एखादी तार दाराच्या बिजागरीपाशीं सोलवटून पत्र्यास टेकली आहे किंवा स्पीकरचें वेटोळें जळलें आहे, असें समजावें. आपल्या विदर्भाच्या मे महिन्यांत आणखी एक कारण असतें: आसनाखालीं, गालिच्यांत गुंडाळल्यासारखा पडलेला डबा तासाभरांत तापून बंद पडतो व थंड झाल्यावर आपोआप वाजूं लागतो. त्यास वारा लागूं द्यावा, इतकेंच.

आंतील बिघाड समजण्यासाठीं मात्र रचना ठाऊक हवी. बारा व्होल्टांच्या दाबांतून चार ओहमच्या स्पीकरास साधा ॲम्प्लिफायर जेमतेम साडेचार वॅट देऊं शकतो. दोन परस्परविरुद्ध जोडले तर अठरा. त्याहून मोठा आवाज हवा तर दाब वाढविल्यावांचून गत्यंतर नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन मोटारींत जे रेडिओ आले, त्यांच्या निर्वात नळ्यांस तर फारच अधिक दाब लागे. त्यासाठीं व्हायब्रेटर नांवाची थरथरणारी पट्टी बॅटरीचा प्रवाह क्षणोक्षणीं तोडी व जोडी, आणि रोहित्र त्याचा दाब चढवी. आज तेंच काम मॉस्फेट जातीचे ट्रॅन्झिस्टर सेकंदास हजारों वेळां करतात. आणि बहुधा तेच प्रथम बळी पडतात.

फ्यूज घालतांक्षणींच उडूं लागला, तर संशय त्यांच्यावर घ्यावा. बॅटरीची तार सोडवावी, मोठ्या कपॅसिटरांतील सांठा ओसरेपर्यंत थांबावें, मग मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पाय मोजावे. दोन्हीं दिशांनीं शून्य आलें तर कोठें तरी शॉर्ट आहे. ट्रॅन्झिस्टर समांतर जोडलेले असल्यानें एक मेलेला असला तरी सारेच मेलेले दिसतात. बाहेर काढून मोजल्याशिवाय खरा कोणता तें कळत नाहीं. बदलतांना सर्व एकदम बदलावे, आणि त्यांच्याखालचा अभ्रकाचा पातळ तुकडा परत बसविण्यास विसरूं नये. पुन्हां वीज देण्यापूर्वीं तांबड्या तारेंत ब्रेक-लाइटचा २१ वॅटांचा बल्ब एकसरींत घालावा. तो क्षणभर लकाकून मंदावला तर ठीक. प्रखर जळतच राहिला तर आंत शॉर्ट अजून आहे, आणि नवे ट्रॅन्झिस्टर बल्बानें वांचविले. कधीं कधीं एवढेंही लागत नाहीं. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं डाखाभोंवतीं, म्हणजे सोल्डरच्या टांक्याभोंवतीं, केसासारखी गोल चीर पडलेली असते. ती भिंगांतून दिसते व तापलेल्या कावियेच्या एका स्पर्शानें बुजते.

एक प्रकार मात्र अक्षम्य मानला पाहिजे. फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागीं चांदीचा कागद किंवा तांब्याची तार घालणारे महाभाग आपल्याकडे थोडे नाहींत. फ्यूज डब्यापेक्षां तारेचा रक्षक असतो, आणि म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत हवा. मोटारीची बॅटरी शेंकडों अँपिअर ओतूं शकते. मग तार लाल होते, आसन पेटतें, आणि आसनावर माणसें बसलेलीं असतात.

पालकांचे आक्षेप दोन. पहिला, मुलास शॉक लागेल. बारा व्होल्टांचा शॉक कोरड्या हातास लागत नाहीं. परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो वितळूं शकतो, आणि बोटांतील अंगठी हाडापर्यंत भाजते. तेव्हां अंगठी व कडें काढून, वडील माणसाच्या देखत हें काम करावें. घरच्या २३० व्होल्टांची गोष्ट सर्वस्वीं वेगळी. ती या लेखांत नाहीं. दुसरा आक्षेप, अभ्यास बुडेल. ज्या मुलानें ते तीन व्होल्ट शोधले, त्यास ओहमचा नियम आयुष्यांत पुन्हां पाठ करावा लागणार नाहीं. याहून अभ्यास म्हणजे काय तें मला ठाऊक नाहीं.

दारव्ह्याच्या लोकांस तर हें सांगण्याची आवश्यकताच पडूं नये. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर आपल्या मोतीबाग स्थानकावरून जाणारी ‘शकुंतला’ ज्या वाफेच्या इंजिनानें ओढली, तें १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें होतें व १९९४ पर्यंत चाललें. ती गाडी आज नाहीं. पण सत्तर वर्षें तें इंजिन काय नव्या खरेदीवर चाललें? भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानेंही जुलै २०२२ मध्यें ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, आणि तिच्या कक्षेंत मोटारींचें साहित्य होतें. हक्क कागदावर येईल तेव्हां येवो. तो बजावण्यास हातांत मीटर धरतां आला पाहिजे.

त्या जीपमधील जुना डबा अजून त्याच आसनाखालीं वाजतो. मुलीची फी वेळेवर भरली गेली. भाच्यानें सगळे आंकडे वहींत उतरून ठेवले आहेत, आणि परवां मामा स्वतःहून त्याला विचारीत होते, डाव्या बाजूचा हेडलाइट उजव्यापेक्षां मंद कां, तें मोजतां येईल कां म्हणून.