मारण्याआधी बघा

मृग लागला की जुन्नर-आंबेगावच्या अंगणात एक ठरलेला पाहुणा येतो. पहिल्या दमदार सरीनंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचा एक ठिपका चालू लागतो. हाच तो मृगाचा किडा. आज पन्नाशीत असलेल्यांपैकी अनेकांनी तो तळहातावर घेतला आहे, काडेपेटीत घालून शाळेत नेला आहे. आजचे मूल तो दिसला की घरात हाक मारते आणि आतून उत्तर येते, "टाक तो, चावेल!" मृगाचा किडा माणसाला चावत नाही. तो मातीतल्या इतर किड्यांची अंडी खातो. शिवाय तो कीटकही नाही. पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. कीटकाला पाय सहाच. हे कळायला पुस्तक लागत नाही, दोन मिनिटे उकिडवे बसावे लागते. ती दोन मिनिटे आपण मुलांना देत नाही, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आपल्या दोन तालुक्यांचे कीटकांशी नाते सरळ नाही. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचर आणि सातगाव पठाराचा बटाटा, कालव्याकाठचा ऊस या सगळ्यांना किडीने कधी ना कधी रडवले आहे. २०१४ मध्ये भारतात प्रथमच, आणि तेही महाराष्ट्रात, आढळलेल्या टुटा या नागअळीने टोमॅटोची पाने आणि फळे पोखरली. हुमणीने उसाची मुळे खाल्ली. तेव्हा शेतकऱ्याला किड्याचा राग येणे समजण्यासारखे आहे. पण घरात कानावर पडणारा शब्द एकच असेल, 'कीड', आणि त्यावरचा उपाय एकच दिसत असेल, 'औषध मारणे', तर मूल काय शिकेल? जगात आजवर नोंदल्या गेलेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख आहेत. त्यांतल्या पिकाला किंवा माणसाला उपद्रव देणाऱ्या जाती फार थोड्या. उरलेले परागीभवन करतात, शेण आणि पालापाचोळा कुजवतात, एकमेकांना खाऊन संख्या आवाक्यात ठेवतात.

ओळख नसली की काय होते, याचे एक उदाहरण परसातच मिळेल. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा पडला की चार दिवसांत तिथे लाल-नारिंगी, ठिपक्यांचे ढालकिडे दिसू लागतात. हे मावा खातात, असे आता बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत आहे. पण ढालकिड्याची अळी आईबापासारखी मुळीच दिसत नाही. काळपट, काटेरी, अंगावर नारिंगी डाग, एखाद्या इवल्या सुसरीसारखी. मावा खाण्यात तीही मागे नसते. तिला पाहून 'नवीनच कीड आली' म्हणत पंप पाठीवर घेतला जातो आणि फुकटचा राखणदार पहिल्या फवाऱ्यात मरतो. ज्या मुलाने ही अळी कोषात जाताना आणि त्यातून ढालकिडा निघताना एकदा पाहिली आहे, ते पुढे शेतकरी झाले तर फवारणीआधी पान उलटून बघेल. टोमॅटोच्या फुलाचेही तसेच. त्याचा पराग परागकोशात कोंडलेला असतो. निळ्या पट्ट्यांची एक एकांडी माशी फुलाला बिलगते, पंखांचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपनाने पराग झडतो. मधमाशीला हे जमत नाही. वाऱ्याने आणि झाड हलण्यानेही टोमॅटो धरतो, पण ही माशी आली की फळधारणा सुधारते. नारायणगावच्या किती मुलांनी ती गुणगुण थांबून ऐकली आहे?

मुले बाहेर पडत नाहीत, त्यासाठी फक्त मोबाइलला दोष देऊन भागणार नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांच्या जुन्नर वनविभागात बिबट्या उसात राहतो, गोठ्यापर्यंत येतो आणि त्याच्या हल्ल्यात लहान मुलांचे जीव गेले आहेत. दिवस कलला की आई मुलाला आत घेते. तिला कोणी शहाणपण शिकवू नये. पण शिवार तुटले, ओढा तुटला, संध्याकाळचे अंगण तुटले, तर मुलाच्या वाट्याला मोकळ्या निसर्गातले उरते काय? उरते ते भर दिवसाचे अंगण, परसबाग, ओसरी आणि खिडकीतली कुंडी. कीटक पाहायला एवढी जागा पुरते. त्यासाठी भीमाशंकरच्या जंगलात जावे लागत नाही.

सुरुवात लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडापासून करावी. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले तर नीट पाहा. ती लिंबावरच्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. पक्ष्याने विष्ठा समजून सोडून द्यावे, म्हणून हे सोंग. तीच अळी मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचे शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती फांदीसह काचेच्या बरणीत ठेवावी, तोंडाला पातळ कापड बांधावे, रोज ताजी पाने द्यावीत. अळी, कोष, फुलपाखरू हा प्रवास साधारण महिनाभरात डोळ्यांसमोर पुरा होतो. फुलपाखरू निघाल्यावर पंख वाळेपर्यंत थांबून ते मोकळे सोडावे. ही अळी लिंबाच्या रोपाचा फडशा पाडते, हेही मुलाला दिसेल. एकच जीव रोपाचा शत्रू आणि फुलांचा मित्र कसा, हा प्रश्न त्याला पडला तर विज्ञानाचा पहिला तास झाला असे समजावे.

दुसरी जागा ओसरीच्या वळचणीला, जिथे पाऊस पोचत नाही. तिथल्या भुसभुशीत धुळीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे असतात. तळाशी एक अळी नुसते जबडे वर काढून दबा धरून बसलेली असते. मुंगी कडेवरून घसरली की अळी खालून धूळ उडवते आणि घसरण वाढवते. याच अळीचा पुढे चतुरासारखा दिसणारा, लांब पंखांचा कीटक होतो. तिसरी जागा झुडपाखाली. पांढरे कापड अंथरून फांदी हलवली की नाकतोडे, भुंगे, कोळी, सुरवंट खाली पडतात. मोजा, पाहा, परत झुडपात सोडा. चौथी जागा भिंत. तिथे कुंभारीण माशी मातीचे मडके घडवते, त्यात भूल दिलेल्या अळ्या भरते आणि आपल्या पिलांच्या अन्नाची सोय करून तोंड लिंपून टाकते. आजीला विचारले तर ती यातले निम्मे सांगेल. आजीला विचारणे हाही या अभ्यासाचा भाग आहे.

रात्रीचा अभ्यास फक्त बंद ओसरीवर किंवा गच्चीवर, मोठ्या माणसासोबत. भिंतीवर पांढरे कापड लावून शेजारी दिवा ठेवला की पावसाळ्यात पतंग आणि भुंगेरे जमतात. जगभर जुलैच्या अखेरच्या आठवड्यात 'पतंग सप्ताह' अशाच साध्या साधनांनी पाळला जातो. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी लावतात तो प्रकाश सापळा याच तत्त्वावर चालतो. हुमणी मारायची असेल तर ती कधी, कुठे आणि कोणत्या रूपात असते हे माहीत हवे. निरीक्षण आधी, उपाय नंतर.

या सदराचा संबंध आरोग्याशी असल्याने डासाला वगळून चालणार नाही. पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या थोड्या पाण्यासह काचेच्या बाटलीत घ्या आणि तोंड कापडाने घट्ट बांधा. अळी श्वासासाठी वर येताना दिसेल, मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होईल. तो दिसला की बाटली कोरड्या मातीवर ओतून टाका. अंड्यापासून डास व्हायला उन्हापावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात, हे ज्या मुलाने पाहिले त्याला 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' कशासाठी ते समजवावे लागत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करू नये, आतून घासावे. हे काम घरातले दहा वर्षांचे मूल आठवणीने करवून घेऊ शकते. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला, तोही डास पुन्हा पुन्हा, चिकाटीने पाहिल्यामुळेच.

धोकेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. दगड, विटा, लाकडे हाताने उचलू नयेत, काठीने आणि आपल्यापासून दूर कलंडावीत. पायात बूट हवेत. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर घातक परिणाम करू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केल्यापासून अशी मुले वाचू लागली, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. केसाळ सुरवंट आणि बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे यांना हात लावू नये, हिंग्यांच्या स्रावाने कातडीवर फोड येतात. शिवनेरी-लेण्याद्रीच्या कड्यांवरच्या आग्या मोहोळाकडे लांबूनच पाहावे. तिथे दगड मारणे किंवा धूर करणे स्वतःसह इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. फवारणी झालेल्या रानात मुलांना नेऊ नये. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी किडे ठेवायला वापरू नये. उलट त्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण मुलांना वाचायला शिकवावा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारेल. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हौशी कीटक अभ्यासकांनी संरक्षित क्षेत्रांत वर्षानुवर्षे सापळे लावून किडे तोलले. २०१७ मध्ये तो हिशेब प्रसिद्ध झाला. २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले होते. जग हादरले, पण हादरण्यासाठी आधी कोणीतरी मोजून ठेवले होते. आपल्याकडे 'पूर्वी भीमाशंकर-आहुप्याच्या झाडांवर काजव्यांचा उजेड पडायचा' असे म्हातारी माणसे सांगतात. पूर्वी म्हणजे किती आणि आता किती, हे सांगायला वही नाही. काजव्याची अळी ओल्या मातीत गोगलगाई खाऊन वाढते, प्रौढ काजवा जेमतेम काही आठवडे जगतो आणि त्या काळात उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतो. पर्यटकांच्या गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या ती खूण पुसतात. काजवे पाहायला जरूर जावे, पण दिवे विझवून, मोठ्यांच्या सोबतीने आणि वनखात्याचे नियम पाळून.

शाळा आता उघडतील. तिसरी ते पाचवीच्या मुलांना 'परिसर अभ्यास' हा विषय आहे, पण परिसर बहुतेक वेळा पुस्तकातच राहतो. आठवड्यातला एक तास वर्गाबाहेर घ्यावा. प्रत्येक मुलाने शाळेच्या आवारातले एक झाड निवडावे आणि वर्षभर त्यावर कोण आले, कोण कोणाला खाते, कोणत्या महिन्यात कोण नाहीसे झाले हे वहीत लिहावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल, तारीख मात्र हवी. नाव माहीत नसेल तर मुलाने स्वतः ठेवावे, खरे नाव पुढे सापडेल. ग्रामपंचायतीने शाळेला दहा भिंगे घेऊन द्यावीत, खर्च फार होत नाही. शिक्षकांना आणि पालकांना सगळी उत्तरे आली पाहिजेत असेही नाही. "मला माहीत नाही, चल बघू" हे उत्तर मुलाला पुरते, कारण त्यात पुढे पाहण्याचे आमंत्रण असते.

येत्या आठवड्यात पाऊस पडला आणि अंगणात लाल मखमलीचा ठिपका दिसला, तर मुलाला आत बोलावू नका. आपणच बाहेर जा, त्याच्याशेजारी बसा आणि पाय मोजा.