ख्रिस्ती मराठीतील न वाचलेला वाद

मराठीच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती लेखन येते ते ठरावीक वाटांनी. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मराठीच्या गौरवासाठी, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) कादंबरीच्या आरंभबिंदूसाठी, रेव्हरंड टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तिच्यातील निर्मळ विनोदासाठी. या मांडणीत श्रद्धा ही लेखकाच्या चरित्रातील एक घटना ठरते. बाप्तिस्म्याचे साल सांगितले की तो विषय संपतो. आमच्या मते, येथे मराठीच्या अध्यापनाची एक मोठी चूक होते आहे. बाप्तिस्म्यानंतर या माणसांनी चर्चशी जो वाद घातला, तो त्यांच्या लेखनाचा गाभा आहे आणि नेमका तोच आपण वाचत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही घटना आपल्याकडे एकतर ‘धर्मत्याग’ म्हणून निंदिली गेली किंवा ‘बंडखोरी’ म्हणून गौरविली गेली. परंतु पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी, ज्यांना त्या पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत, जो पत्रव्यवहार केला तो या दोन्ही शिक्क्यांना पुरून उरणारा आहे. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात स्पष्ट सांगितला आहे काय, बिशपांचा शब्द विवेकबुद्धीवर बंधनकारक का मानावा, असे प्रश्न त्या विचारतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे धर्माधिकाऱ्यांनी सुचविले, तेव्हा तो अधिकार त्यांना कोणी दिला हेही विचारतात. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नसावीत, हा त्यांचा आक्षेप वरवर किरकोळ वाटतो; वस्तुतः देव कोणत्या भाषेत बोलतो आणि ते कोणी ठरवायचे, हाच तो प्रश्न आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या या विदुषीला दुसरे जोखड मानेवर घ्यावयाचे नव्हते. उत्तरायुष्यात केडगावी त्यांनी हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले आणि ते मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. त्यामागे हाच जुना प्रश्न आहे. १९२२ साली त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

टिळकांचा मार्ग वेगळा, पण भिंत तीच. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळ मिशनच्या चौकटीत काम केले आणि १९१७ साली, मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे, मिशनची वेतनी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. ही कल्पना भाबडी होती असे म्हणणारे होते आणि असतील. परंतु चर्चची सीमा कोणती, नेतृत्व पगारातून येते की साधनेतून, परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या लोकांशी कोणत्या भाषेत बोलणार, हे प्रश्न त्या कल्पनेत आहेत. त्यांच्या अभंगांचे मोल ‘ख्रिस्ताला मराठी वेष दिला’ एवढ्यात मोजणे म्हणजे त्यांना शिंप्याच्या पंक्तीला बसविणे होय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हा चर्चचा अंतर्गत मामला आहे, साहित्याच्या वर्गात तो कशाला? मग महानुभाव वाङ्मय शिकविताना जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण का समजावून सांगतो? अद्वैताची चर्चा टाळून ‘ज्ञानेश्वरी’ शिकविण्याचे धाडस कोणी करील काय? तेथे तत्त्वज्ञान हा साहित्याचा प्राण ठरतो आणि येथे मात्र तो पंथाचा खाजगी व्यवहार. हा पंक्तिभेद आहे.

दोष केवळ मराठी विभागांचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक उपासना लोकभाषेत आली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मराठी गायन त्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेले होते. तथापि ईशज्ञानाचे उच्च शिक्षण पुण्यासारख्या शहरातही प्रामुख्याने इंग्रजीतून चालते. भक्ती मराठीत आणि विचार इंग्रजीत, अशी ही वाटणी. तिच्यामुळे धर्मगुरूची मराठी गोड होते. धारदार होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या नियमाचे मोठे अपवाद होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा मात्र चर्चा त्यांच्या पांढऱ्या झग्याभोवतीच फिरली. विरोधकांनी त्यांचे धर्मगुरुपद पाहिले, समर्थकांनी सर्वधर्मसमभाव पाहिला. ग्रंथ उघडून पाहणारे दोन्हीकडे थोडेच. २०२४ साली ते गेले.

या दरम्यान जागतिक कॅथलिक चर्च स्वतःलाच काही प्रश्न विचारू लागले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात चालविलेल्या सिनडमध्ये प्रापंचिकांचे म्हणणे ऐकण्यावर भर होता. २०२३ च्या अधिवेशनात स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला. स्त्रियांच्या डीकनपदाचा प्रश्न २०२४ च्या अंतिम मसुद्याने खुला ठेवला. रमाबाई अँग्लिकन पंथात आल्या आणि पुढे कोणत्याच पंथात नीटशा मावल्या नाहीत. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. तेव्हा येथे थेट वंशावळ शोधणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण स्त्रीच्या विवेकावर बिशपाची सत्ता किती, हा प्रश्न पुण्याहून गेलेल्या एका तरुण विधवेने १८८५ च्या सुमारास लेखी विचारला होता, हे आपल्या ख्रिस्ती नेतृत्वाला ठाऊक असावयास हवे.

रमाबाईंचा तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. पत्रे बहुतांशी इंग्रजीत आहेत, म्हणून ती ‘मराठी वाङ्मय’ ठरत नाहीत आणि अभ्यासक्रमाच्या दारातच अडतात. पदव्युत्तर वर्गात एका सत्रापुरती ती पत्रे, केडगावच्या बायबलातील एखादे शुभवर्तमान आणि टिळकांचे दरबारकालीन लेखन शेजारी शेजारी ठेवून वाचावे. अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत आम्ही हा प्रस्ताव ठेवणार आहोत.