जुनी पेटी, स्वस्तात

महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळासाठी एक जुनी पेटी घ्यावी, असे गेल्या पावसाळ्यात आम्ही मराठी विभागातील तिघांनी ठरवले. पेटी म्हणजे हार्मोनियम; आमच्या वाशीम जिल्ह्यात तिला दुसऱ्या नावाने सहसा कोणी संबोधीत नाही. नव्या चांगल्या पेटीइतके पैसे मंडळाजवळ नव्हते आणि नव्या स्वस्त पेटीचा कर्कश आवाज आम्हाला सोसवत नव्हता. कार्यालयाने नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागितली. माळ्यावर धूळ खात पडलेल्या पेटीचे दरपत्रक कोण देणार, आणि तीही तीन? शेवटी आपसात वर्गणी काढली. असो.

या वाद्याचे कुळ परके. अलेक्झांडर देबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले, तेव्हा भाता पायाने चालवावा लागे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता मारण्याची सुटसुटीत पेटी बनवली आणि मांडी घालून बसणाऱ्या गायकाच्या पुढ्यात ती येऊन बसली. तिच्या ठरीव स्वरांतून मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, हा आक्षेप खराच होता. त्यावरून नभोवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केले आणि ते १९७१ च्या सुमारास थोडे किलकिले झाले. भजनी मंडळांनी मात्र या बहिष्काराची फिकीर केली नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर पोसलेल्या या मुलखात खंजिरीशेजारी पेटी नांदत राहिली. म्हणूनच रिसोड, मानोऱ्याकडच्या खेड्यांत आजही एखादी जुनी पेटी सापडते.

ती पारखावी कशी? लाकडाच्या पॉलिशवर भाळू नये. पेटीचा जीव आतल्या पितळी जिभांत असतो. पॅरिसच्या कास्रिएल किंवा जर्मन ज्युबिलेट सुरांची पेटी जाणकार अजून शोधतात. गुजरातेतील पालिताण्याचे सूरही नावाजलेले. प्रथम भाता भरावा आणि एकही पट्टी न दाबता तो किती वेळात बसतो ते पाहावे. लगेच बसला तर हवा गळते आहे. कातडे उंदरांनी कुरतडलेले असते, नाहीतर कसरीने बनात खाल्लेली असते. हे दोष दुरुस्त होतात. घासून घासून पातळ झालेली जीभ मात्र दुरुस्त होत नाही. टोकाशी घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. दर दुरुस्तीत थोडे पितळ जाते आणि एके दिवशी भर भजनात ती जीभ तुटते.

अमेरिकेत व्हायोलिनसारख्या फुगीर, कोरीव पोटाच्या जुन्या गिटारींचे असेच वेड आहे. गिब्सन कंपनीची १९२२ पासूनची ‘एल-फाइव्ह’ सामान्य वादकाला परवडत नाही, म्हणून तो कमी नावाजलेल्या कंपनीची जुनी गिटार हुडकतो. पण तेथे जुन्या वाद्यांच्या किमतींची पुस्तकेच निघतात. विकणाराही ती उघडून पाहू शकतो. आमच्याकडे किंमत फक्त घेणाऱ्याला ठाऊक असते. ‘स्वस्तात मिळाली’ असे जेव्हा कोणी मिशीत हसत सांगतो, तेव्हा त्या स्वस्ताईत विकणाऱ्याचे अज्ञान किती, हे विचारण्याची आपल्यात रीत नाही. आमच्या मते ती असावी.

हे मत आम्ही घरून घेऊन निघालो नव्हतो. मंगरूळपीर तालुक्यातील एका घरी पेटी असल्याचे कळले. घरच्या बाईंनी ती पोत्यातून बाहेर काढली. “माह्या सासऱ्याची व्हय ते. दोन हजार द्या अन् घेऊन जा, सर. पडूनच हाये.” आम्ही वरची फळी उघडली. खर्ज आणि नर, दोन्ही ओळी शाबूत, सूर जर्मन. दोन स्वर मुके होते, पण ते नुसत्या धुळीने. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अंगणात येऊन एकजण म्हणाला, “आपण खोटे कुठे बोलतो आहोत? त्यांनी सांगितली तीच किंमत देऊ.” दुसरा गप्प राहिला, आणि ते गप्प राहणे त्याला पुढे फार दिवस बोचले. तिसऱ्याने आत जाऊन बाईंना सांगून टाकले, की ही दोन हजारांची वस्तू नव्हे. अकोल्याच्या एखाद्या कारागिराला दाखवा, मग भाव ठरवा.

बाईंनी पेटी पुन्हा पोत्यात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर कृतज्ञता वगैरे नव्हती. होता तो संशय, की हे मास्तर एवढे चांगले का वागताहेत. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पेटी विकायची आहे, चौदा हजार. आमची वर्गणी साडेसहा हजार होती.

आम्ही हप्त्याने देण्याचे सुचवले आहे. तो विचारून सांगतो म्हणाला. परवाच्या पाहुण्यांपुढे स्वागतगीत मुलींनी मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर म्हटले आणि दुसऱ्या कडव्याला नेमका कोणाचा तरी फोन वाजला.